बोललेलं पोचतं का? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळच्या पत्रांत बरेचसे प्रश्न नेटवर्कवर चालणाऱ्या स्पीकरचे, दारावरच्या इंटरकॉमचे आणि त्यांना जोडलेल्या रिलेंचे, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर जुळणाऱ्या-सुटणाऱ्या स्विचचे, आहेत. मी या कामाला लागले ती स्पीकरच्या तारा ओढण्यापासून. आता निम्मा दिवस लॅपटॉपवर नेटवर्क स्विचच्या, म्हणजे लॅनच्या केबली जोडणाऱ्या पेटीच्या, सेटिंग्ज बघण्यात जातो, पण शिडी अजून गाडीतच असते. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं-पत्ते काढून टाकले आहेत.

ताई, आमच्या शाळेत १६ वर्गांत स्पीकर आणि आवारात ६ भोंगे आहेत. ॲम्प्लिफायर जुना पण चालू आहे. घंटा आपोआप वाजावी आणि कार्यालयातल्या फोनवरून सगळीकडे सूचना देता यावी, एवढीच आमची गरज. ‘सगळं काढून आयपी स्पीकर बसवा’ असा सल्ला मिळाला आहे. खरंच काढावं लागेल का?

नाही. चालू असलेली लाइन उखडायचं काहीच कारण मला दिसत नाही. तुमच्या ॲम्प्लिफायरच्या मागे ‘१०० व्होल्ट’ असं लिहिलेलं टर्मिनल असणार. प्रत्येक स्पीकरच्या पाठीला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर वॅटचे टॅप, म्हणजे स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडण्या, असतात. वर्गातले स्पीकर ६ वॅटच्या टॅपवर असतील तर ९६ वॅट झाले, भोंगे १५ वॅटवर असतील तर ९० वॅट. एकूण १८६. ॲम्प्लिफायर २५० वॅटचा असेल तर तो निवांत आहे. या लाइनवर मल्टिमीटर लावून घाबरू नका. तो फक्त वेटोळ्याचा डीसी रोध दाखवतो, काही ओहमच. खरा भार इम्पिडन्स मीटरनेच कळतो आणि १८६ वॅटला तो ५४ ओहमच्या आसपास यायला हवा. फारच कमी आला तर कुठेतरी तार चेपली गेली आहे किंवा एखादा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला आहे.

या ॲम्प्लिफायरच्या पुढे एक नेटवर्क ऑडिओ डीकोडर लावा. एका बाजूला लॅनची केबल, दुसऱ्या बाजूला लाइन-आउट, एवढीच ती पेटी. तिला सिप खातं देता येतं, म्हणजे कार्यालयातल्या फोनवरून तिचा नंबर लावला की ती स्वतः फोन उचलते आणि तुमचं बोलणं ॲम्प्लिफायरकडे सोपवते. बहुतेक पेट्यांत एक रिलेही असतो. आवाज आला की तो जुळतो आणि त्यावरून ॲम्प्लिफायर जागा करता येतो.

भोंग्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. आयपी स्पीकरला वीज लॅनच्या केबलमधूनच मिळते, त्याला पीओई म्हणतात. साध्या पीओईवर, म्हणजे २००३च्या ८०२.३एएफ मानकावर, केबलच्या टोकाला जास्तीत जास्त १२.९५ वॅट मिळतात. त्यातच स्पीकरमधला प्रोसेसरही पोसायचा असतो. शिवाय लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. मोठ्या आवारात १०० व्होल्टची दोन तारांची लाइन कितीतरी पुढे जाते. नवीन इमारतीत, जिथे तारच नाही, तिथे मी आयपी स्पीकर आनंदाने लावते. तुमच्याकडे तार आहे.

आता घंटेबद्दल, आणि हे मी मनापासून सांगते आहे. मी बसवलेल्या एका घंटेच्या पेटीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. ती वेळ इंटरनेटवरून घ्यायची. एका रात्री वीज गेली आणि पहाटे आली, पण इंटरनेट आलंच नाही. पेटी जागी झाली तेव्हा तिच्या लेखी १ जानेवारी १९७० होती, गुरुवार. त्यातल्या लिनक्सची कालगणना तिथूनच सुरू होते. तिने मुकाट्याने गुरुवारचं वेळापत्रक चालवलं आणि परीक्षेच्या ऐन मध्यात शेवटची घंटा दिली. पर्यवेक्षिका भानावर येईपर्यंत एका मुलीने अर्धा पेपर बांधून टेबलावर ठेवलाही होता. तिला तो परत मिळाला, पण तिचे हात थरथरत होते हे मी नंतर तिच्या शिक्षिकेकडून ऐकलं. तेव्हापासून तीन गोष्टींशिवाय मी घंटा बसवत नाही. पेटीत घड्याळाची बॅटरी हवी. वेळ देणारा एनटीपी सर्व्हर शाळेच्या आतच हवा, राउटरवर किंवा एखाद्या संगणकावर. आणि पेटीची वेळ जुळलेली नसेल तर घंटा वाजूच नये असा नियम तिच्यात घातलेला हवा. वाजली नाही तर शिपाईमामा वाजवतील. त्यासाठी भिंतीवर एक साधं बटण ठेवा, थेट ॲम्प्लिफायरला जोडलेलं.

ॲम्प्लिफायरजवळचा जुना माइक काढू नका. नेटवर्क पडलं तरी तो चालतो. आणि आगीच्या वेळी इमारत रिकामी करण्याची सूचना देणारी यंत्रणा ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय ईएन ५४-१६सारख्या मानकांत स्पीकरची तार तुटली तरी यंत्रणेला ते स्वतःहून कळलं पाहिजे, अशी अट असते. घंटेच्या पेटीकडून ती अपेक्षा करू नका.

आमच्या कार्यालयात ३० आयपी स्पीकर आहेत. संगीत लावलं की चार-सव्वाचार मिनिटांनी बंद पडतं. स्पीकर बंद करून चालू केला की परत लागतं, परत तेवढ्याच वेळाने थांबतं. फोनवरून केलेली सूचना मात्र व्यवस्थित ऐकू येते. एका तंत्रज्ञाने स्विचमधलं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ बंद केलं. मग संगीत थांबेना, पण सगळ्यांचं वायफाय रडायला लागलं. दोष कशात आहे?

तुम्ही वेळ मोजलीत, त्याबद्दल आधी आभार. घड्याळ लावून पुन्हा मोजा. २६० सेकंद भरतील.

संगीत मल्टिकास्टने जातं. पाठवणारा एकच प्रवाह सोडतो आणि ज्या स्पीकरला हवा असेल तो ‘मला या गटात घ्या’ असा निरोप स्विचला देतो. स्नूपिंग म्हणजे स्विचने हे निरोप कान देऊन ऐकणं आणि ज्या पोर्टवर मागणी आहे तिथेच प्रवाह सोडणं. पण स्विच ही नोंद कायमची ठेवत नाही. दर १२५ सेकंदांनी कुणीतरी ‘अजून कोण कोण ऐकतंय?’ असं विचारायचं असतं, मग स्पीकर हात वर करतात आणि नोंद ताजी होते. विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. साधारणपणे हे काम राउटर करतो. तुमचे स्पीकर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, ठेवलेले दिसतात आणि तिथे विचारणारं कुणीच नाही. दोन फेऱ्यांचे २५० सेकंद आणि उत्तराची वाट बघायचे १०, असे २६० सेकंद झाले की स्विच समजतो, ऐकणारे उठून गेले. स्पीकर बंद करून चालू केला की तो नव्याने निरोप देतो, म्हणून संगीत परत लागतं. फोनची सूचना सिप कॉलने, थेट एकेका पत्त्यावर जाते, म्हणून ती अडत नाही.

स्नूपिंग बंद केल्यावर प्रवाह प्रत्येक पोर्टवर गेला, वायफायच्या ॲक्सेस पॉइंटवरसुद्धा. वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात संथ मूळ वेगाने पाठवलं जातं, कारण लांबच्यालाही ते ऐकू जायला हवं. न दाबलेलं स्टीरिओ संगीत, ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, सेकंदाला १.५३६ मेगाबिट मागतं. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये तो मूळ वेग १ मेगाबिट असू शकतो. मग बाकीच्यांना हवाच उरत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. स्नूपिंग परत चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये मुख्य स्विचवर आयजीएमपी क्वेरियर चालू करा. गटाचा पत्ता २३९ने सुरू होणारा ठेवा. २२४.०.०ने सुरू होणारे पत्ते स्विच सगळीकडेच पाठवतात.

एक मात्र आजच तपासा. तातडीची सूचना देणारं बटण कुठल्या वाटेने जातं? तेही मल्टिकास्टवर असेल तर स्पीकर चालू होऊन २६० सेकंद झाल्यापासून ते मुकं होतं आणि कुणालाही ते कळलं नव्हतं. संगीत थांबलं म्हणून निदान संशय आला.

मी रुग्णालयातल्या औषध भांडारात काम करते. वॉर्डातून इंटरकॉमवर मागणी येते. आवाज भरपूर मोठा आहे, तरी ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सात’ आणि ‘हात’ असे घोळ होतात. आवाज अजून वाढवावा का?

वाढवू नका. तुमचा प्रश्न वाचून मी त्याच दिवशी दोन इंटरकॉम समोरासमोर ठेवून ‘साठ, आठ’ म्हणून बघितलं.

‘आ’ हा स्वर खालच्या पट्टीत असतो, काही शे हर्ट्झपासून हजार-दीड हजारापर्यंत. ‘स’ म्हणजे दातांमधून निसटणारी हवा आणि तिचा बहुतेक जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तुमचा इंटरकॉम बहुधा जी.७११ नावाच्या कोडेकवर, म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवण्याच्या पद्धतीवर, बोलतोय. तो १९७२चा, टेलिफोनसाठी ठरवलेला. सेकंदाला ८००० नमुने घेतो, त्यामुळे ४०००च्या वरचं काहीच त्याला पकडता येत नाही आणि प्रत्यक्षात ३४००च्या आसपासच आवाज कापला जातो. म्हणजे वॉर्डातली नर्स ‘साठ’ म्हणते आणि तिचा ‘स’ निम्म्याहून जास्त तारेपलीकडेच राहतो. तुमच्याकडे पोचतं ते एक पुसट फुसकारा आणि ‘आठ’. आवाज वाढवला की ‘आठ’ मोठं होतं. ‘स’ मुळात आलेलाच नसतो, तो कुठून वाढणार?

तुमच्या उपकरणांत जी.७२२ हा दुसरा कोडेक असतोच असं धरून शोधा. तो १६,००० नमुने घेतो, ७००० हर्ट्झपर्यंत नेतो आणि बिटरेट मात्र तोच, ६४ किलोबिट, त्यामुळे नेटवर्कवर काही ओझं वाढत नाही. सेटिंगमध्ये कोडेकची क्रमवारी असते. दोन्ही टोकांना जी.७२२ सगळ्यात वर घ्या. एकाच टोकाला बदल केला आणि दुसऱ्या टोकाच्या यादीत तो नसेल तर दोघंही जी.७११वर उतरतात. मध्ये एखादं जुनं ॲनालॉग एक्सचेंज किंवा गेटवे असेल तरी तसंच होतं. कॉल चालू असताना उपकरणाच्या वेबपानावर कोणता कोडेक लागला आहे ते दिसतं, तिथे खात्री करा. समोरासमोर ठेवलेल्या माझ्या दोन इंटरकॉमवर हा एक बदल केला आणि ‘साठ’मधला ‘स’ असा आला की मी मान वर करून बघितलं.

तरीही औषधाची मात्रा फक्त कानावर सोडू नका. ‘साठ’ न म्हणता ‘सहा-शून्य’ म्हणा आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. वॉर्डातला माइक तोंडापासून किती लांब आहे तेही बघा. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि पंख्याची घरघर आहे तेवढीच राहते. भिंतीवरच्या इंटरकॉमवर खोलीच्या मधून ओरडून बोलायची सवय असते, ती मोडा.

तुमच्या वरिष्ठांना हा खर्च-विरहित बदल आहे असं सांगा. सेटिंग बदलायला उपकरण बदलावं लागत नाही.

इमारतीच्या दारावर व्हिडिओ इंटरकॉम आहे. मोबाइलवर कॉल येतो, आकडा दाबला की दार उघडतं. सोय छान आहे, पण हे सुरक्षित आहे का?

आकडा दाबून दार उघडणं, म्हणजे डीटीएमएफ, त्यात मला फार भीती वाटत नाही. माझी भीती तारेची आहे. बाहेरच्या पॅनेलमध्येच दार उघडणारा रिले आहे का, ते आधी बघा. अशाच एका दारापाशी मी तिथल्या व्यवस्थापक मंडळींना उभं केलं. पॅनेलचे दोन स्क्रू काढले, पॅनेल पुढे ओढलं, मागच्या हिरव्या कनेक्टरमधून कुलुपाच्या दोन तारा सोडवल्या आणि एकमेकींना टेकवल्या. खट्ट. दार उघडलं. कॅमेरा, पासवर्ड, ॲप यांचा त्यात काही संबंधच आला नाही. रिले दाराच्या आतल्या बाजूला हवा आणि बाहेरच्या पॅनेलने त्याला सांकेतिक संदेशच पाठवायला हवा. बरेच उत्पादक असा वेगळा सुरक्षित रिले देतात. पॅनेल उचकटलं की सूचना देणारा टँपर स्विचही जोडून घ्या.

कुलूप चुंबकी आहे की विजेचं स्ट्राइक, म्हणजे चौकटीतली खिट्टी विजेने सोडणारं, तेही कळवलं नाहीत. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं. स्ट्राइकचे दोन प्रकार येतात, वीज गेल्यावर सुटणारं आणि वीज गेल्यावर बंदच राहणारं. बाहेर पडण्याच्या वाटेवर माणूस आत अडकता कामा नये. म्हणून चुंबकी कुलूप असेल तर आतलं ‘बाहेर’चं बटण कुलुपाची वीज थेट तोडणारं हवं. बटणाने संगणकाला विनंती करायची आणि संगणकाने दार उघडायचं, ही साखळी धुराने भरलेल्या जिन्यात कुणाच्याही भरवशाची नाही. डीसी कुलुपाच्या दोन टोकांवर एक डायोडही टाका, १एन४००७ चालतो, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. नाहीतर वेटोळं सुटताना मारणारा झटका रिलेचे संपर्क जाळतो आणि मग दार कधी उघडतं, कधी नाही.

मोबाइलवर कॉल पोचायला कधी काही सेकंद लागतात आणि फोन बंद असेल तर पोचतच नाही. ज्या घरात वयस्क माणसं एकटी असतात तिथे भिंतीवर एक साधा हँडसेट राहू द्या. आणि घरबसल्या बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून इंटरकॉम थेट इंटरनेटवर टाकला असेल तर ते आज बंद करा. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड एकामागून एक लावून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे तुमच्या नेटवर्कपर्यंतच्या सांकेतिक खाजगी वाटेने, या.

टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा यासाठी नेटवर्कवरचा रिले घेऊ का?

पंप बंद करायचं काम टाकीतल्या फ्लोट स्विचकडेच ठेवा, तार थेट स्टार्टरच्या कॉइलकडे. नेटवर्कवरून फक्त पाण्याची पातळी कळवून घ्या आणि हवं तर पंप चालू करा. उपकरणांचे छोटे निरोप पोचवणारी एमक्यूटीटी ही पद्धत वापरत असाल तर त्यातलं ‘लास्ट विल’ भरून ठेवा, म्हणजे टाकीवरचं उपकरण गप्प झालं की तुम्हाला निरोप येईल.

आमच्या लांबट सभागृहात पुढचे स्पीकर एका बनावटीचे, मागचे नंतर घेतलेले दुसऱ्या बनावटीचे. सगळे नेटवर्कवर आहेत. मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. व्याख्यानाला येणारी म्हातारी माणसं उठून जातात.

उठून जातात हे वाचून वाईट वाटलं, कारण ती ऐकायलाच आलेली असतात. तुमच्याकडे दोन उशीर एकात एक गुंतले आहेत, ते आधी वेगळे करा.

पहिला हवेचा. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. मागचे स्पीकर पुढच्यांपासून ३४ मीटरवर असतील तर पुढचा आवाज मागच्या रांगेत एक दशांश सेकंद उशिरा येतो. तेवढ्या अंतराने आलेला तोच शब्द कानाला दुसरा शब्द वाटतो. मागच्या स्पीकरना १०० मिलिसेकंद थांबवा, वर आणखी १० ते १५ द्या. हेल्मुट हासने १९४९मध्ये दाखवलं की आधी आलेल्या आवाजाची दिशाच कान धरतो. त्यामुळे मागच्यांनाही वक्ता समोरूनच बोलतोय असं वाटेल.

दुसरा उशीर बफरचा. नेटवर्कवरून येणारे तुकडे मागेपुढे होतात म्हणून प्रत्येक स्पीकर थोडा साठा करून मगच वाजवतो आणि प्रत्येक बनावटीचा साठा वेगळा असतो. तो मोजायला माइकसमोर एक टाळी वाजवा. पुढचा आणि मागचा असा एकेक स्पीकर खाली उतरवून शेजारी ठेवा, मधोमध फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि लॅपटॉपवर त्याची लाट बघा. दोन टाळ्यांमधलं अंतर म्हणजे बफरचा फरक. तो आधी मिटवा, मग हवेचे १०० मिळवा. तासाभराने पुन्हा टाळी वाजवा. अंतर सरकलं असेल तर दोन बनावटींची घड्याळं एकमेकांना बांधलेली नाहीत आणि तिथे कुठलाही आकडा टिकणार नाही. मग एईएस६७सारख्या, सगळ्यांना एकच घड्याळ देणाऱ्या पद्धतीवर दोन्ही आणता येतात का ते बघावं लागेल.

जुळवल्यावर एका आजींना किंवा आजोबांना शेवटच्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन बसवा. व्यासपीठावरून ५० सुटे शब्द वाचा, वाक्यं नकोत, कारण वाक्यात माणूस अंदाजाने भर घालतो. त्यांनी जे लिहिलं असेल तो कागद, टाळीची दोन्ही मुद्रणं आणि सभागृहाची लांबी मला पाठवा. पुढचे आकडे मी काढून देते.